झांझिबारच्या 38 मिनिटांना युद्ध म्हणणं मला पटत नाही

गलबत (धागा)

जगातलं सगळ्यात छोटं युद्ध कोणतं? प्रश्नमंजूषेत हमखास येणारा प्रश्न. उत्तर ठरलेलं: इंग्लंड विरुद्ध झांझिबार (आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट), 27 ऑगस्ट 1896, 38 मिनिटं. परवा रात्री जेवताना मुलीनं हाच प्रश्न टाकला. उत्तर ऐकून सगळे हसले, मीही हसलो. "आपला वरणाचा कुकर लावून होईपर्यंत युद्ध खलास," असं कुणीतरी म्हणालं. मग मी सांगितलं, त्या तेवढ्या वेळात पाचशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यात बायकाही होत्या. इंग्रजांच्या बाजूनं एक खलाशी जबर जखमी झाला आणि पुढे बरा झाला.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 25 ऑगस्टला सुलतान हमद बिन थुवैनी अचानक वारला. विषप्रयोगाची कुजबुज झाली, सिद्ध काहीच झालं नाही. काही तासांत त्याचा चुलतभाऊ खालिद बिन बर्गश माणसं घेऊन राजवाड्यात शिरला आणि दुपारी 21 तोफांची सलामी देऊन स्वतःला सुलतान म्हणवून मोकळा झाला. इंग्रजांना हवा होता दुसरा चुलतभाऊ, हमूद बिन मुहम्मद. इंग्रज सरकारचा तिथला वकील, म्हणजे कॉन्सल, हार्डिंज रजेवर, त्याच्या जागी बॅसिल केव्ह नावाचा अधिकारी. त्यानं लंडनला तार केली, हवं ते करायची मोकळीक मिळवली आणि खालिदला सांगितलं: 27 तारखेला सकाळी नऊपर्यंत निशाण उतरवा आणि वाडा सोडा. खालिदनं उलट निरोप धाडला की आम्ही निशाण उतरवणार नाही आणि तुम्ही आमच्यावर तोफा डागाल असं आम्हाला वाटत नाही. 9 वाजून 2 मिनिटांनी पहिला गोळा सुटला. 9.40 ला वाड्यावरचं निशाण पडलं, मारा थांबला. दुपारपर्यंत हमूद गादीवर.

"इतक्या लवकर का संपलं?" या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: इंग्रजांच्या तोफा भारी होत्या. होत्याच. पण माझं म्हणणं वेगळं आहे. ते लवकर संपलं कारण ते युद्ध नव्हतंच, ती जप्ती होती. सौदा सहा वर्षांपूर्वीच झाला होता. 1890 मध्ये लंडन आणि बर्लिननं आपापसात वाटणी केली, जर्मनीला उत्तर समुद्रातलं हेलिगोलंड बेट मिळालं आणि तिनं झांझिबारवरचा दावा सोडला. त्याच वर्षी झांझिबार इंग्रजांचं संरक्षित राज्य झालं आणि नवा सुलतान इंग्रज वकिलाच्या संमतीनंच बसेल हे लिहून घेतलं गेलं. कागदावर घर सावकाराचं झालं होतं. खालिद दाराला आतून कडी घालून बसला, एवढंच. बेलिफ आला, दार फोडलं. त्याला किती मिनिटं लागली हे कुणी मोजत बसतं का?

---

तोफखाना

भावना समजली, पण तोफांचा मुद्दा इतक्या सहज उडवू नका. "होत्याच" म्हणून पुढे गेलात, सगळी गंमत तिथेच आहे.

बंदरात पाच इंग्रजी लढाऊ जहाजं होती: फिलोमेल, थ्रश, स्पॅरो, रकून आणि 26 तारखेला आलेलं सेंट जॉर्ज. सेंट जॉर्ज हे ॲडमिरल हॅरी रॉसनचं निशाणाचं जहाज, मोठी क्रूझर. वाडा अगदी पाण्याच्या काठावर. म्हणजे नेम धरायलासुद्धा कष्ट नाहीत. इमारतीत लाकूड भरपूर, आणि आतल्या लोकांनी आडोसा कशाचा केला होता? खोकी, गासड्या आणि रबर. पेटायला दुसरं काय हवं? आत तीन हजारांच्या घरात माणसं: लढणारे, नोकर, गुलाम. इंग्रजांनी सुमारे पाचशे तोफगोळे आणि मशीनगनच्या चार हजारांवर गोळ्या झाडल्या. थ्रशच्या पहिल्याच गोळ्यानं वाड्यासमोरची एक तोफ गाड्यावरून उलथली.

खालिदकडे काय होतं तेही बघा. जर्मन कैसरनं भेट दिलेल्या दोन तोफा, सतराव्या शतकातली एक पितळी तोफ, थोड्या मशीनगन. आरमार म्हणाल तर ग्लासगो नावाची एकच बोट. ती सुलतानाची शाही नौका होती, लढाऊ जहाज नव्हे. तिच्यावरच्या तोफा राणी व्हिक्टोरियाकडून भेट आलेल्या. त्याच तोफांनी तिनं सेंट जॉर्जवर गोळे टाकले आणि थोड्याच वेळात बुडाली. बुडाली म्हणजे तळाला टेकली, कारण बंदर उथळ. डोलकाठ्या पाण्याबाहेर तशाच उभ्या राहिल्या.

अशा ठिकाणी 38 मिनिटं टिकले हेच जास्त. जप्ती म्हणा, युद्ध म्हणा, कारण एकच: जागा चुकली.

---

जुनं_नाणं

धागाकर्त्याशी ठाम असहमत. तोफखान्याशी अर्धा सहमत.

"सगळं 1890 मध्येच ठरलं होतं" हे ऐकायला छान वाटतं, पण मग त्याच किनाऱ्यावर, त्याच इंग्रजांविरुद्ध, आदल्याच वर्षी काय झालं ते सांगा. गाझीचा मबारूक बिन रशीद मझरुई उठला. हा आजच्या केनियाचा किनारा, तेव्हा सुलतानाच्या नावानं इंग्रजच चालवत होते. वारसाहक्काचाच वाद होता आणि इंग्रजांनी आपला माणूस बसवायचं ठरवलं होतं. कागद तिथेही इंग्रजांच्याच बाजूचे. ऑगस्ट 1895 मध्ये हाच रॉसन, हो हाच, खलाशी घेऊन झाडीतून चालत म्वेलेच्या गढीवर गेला. गढी घेतली. मबारूक निसटला. पुढे कित्येक महिने चकमकी चालल्या, हिंदुस्थानातून पलटण मागवावी लागली, तेव्हा कुठे एप्रिल 1896 मध्ये तो जर्मन हद्दीत गेला आणि प्रकरण मिटलं.

एकच ॲडमिरल, एकच किनारा, एका वर्षाचं अंतर. एक लढाई महिनोन्‌महिने चालते, दुसरी 38 मिनिटं. मग फरक कागदाचा कसा? फरक हा की मबारूक जंगलात गेला आणि खालिद दिवाणखान्यात बसून राहिला. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. गड, घाट आणि झाडी नसती तर आपल्याही बऱ्याच लढाया दुपारच्या जेवणाआधी आटोपल्या असत्या.

---

गलबत

जुनं_नाणं, मबारूकचा मुद्दा बिनतोड आहे, तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

मबारूकपाशी मुलूख होता, माणसं होती, झाडी होती. खालिदपाशी होता फक्त हक्क, आणि हक्काची जागा म्हणजे वाडा. सुलतान वारला की जो वाड्यात बसेल, ज्याची सलामी वाजेल, तो सुलतान. वाडा सोडून मळ्यात जाऊन बसला असता तर तो सुलतान नसता, फरारी असता. तेव्हा जागा चुकली नाही, दुसरी जागा नव्हतीच. हक्क वाड्यात आणि वाडा इंग्रजांच्या तोफेच्या टप्प्यात. मी याच अर्थानं म्हणतोय की निकाल आधी लागला होता.

---

रिकामटेकडी

मला एक कळत नाही. "तुम्ही तोफा डागाल असं वाटत नाही" हे वाक्य सगळे खालिदच्या मूर्खपणाचा पुरावा म्हणून सांगतात. पण त्याच्या जागी बसून बघा ना.

त्याचा बाप बर्गश सुलतान असताना, 1873 मध्ये, गुलामांचा व्यापार बंद करायच्या तहासाठी इंग्रज आले. कोणाला पाठवलं होतं माहीत आहे? बार्टल फ्रियर, आपल्या मुंबईचा माजी गव्हर्नर. बर्गश आधी नाही म्हणाला. मग आरमारानं बेटाची नाकेबंदी करू असा दम मिळाला आणि त्यानं सही केली. एकही गोळा सुटला नाही. 1893 मध्ये आधीचा सुलतान वारला तेव्हा खालिदनं स्वतः गादीसाठी हालचाल केली होती. इंग्रजांनी डोळे वटारले, तो मागे सरला. पुन्हा गोळा नाही. म्हणजे त्याच्या घराण्याचा अनुभव काय? हे लोक जहाजं आणतात, घड्याळ दाखवतात, आणि शेवटी बोलणीच होतात. 27 ला सकाळी आठ वाजता त्यानं बोलणी करायला माणूस पाठवला होता, तो उगीच नाही.

फक्त या वेळी पलीकडे घासाघीस करायला कुणी बसलंच नव्हतं. हार्डिंज गावाला, केव्हच्या खिशात लंडनची तार. आणि त्या तारेत, पाहिजे ते कर पण जे नक्की तडीस जाईल तेवढंच कर, अशा अर्थाचं एक वाक्यही होतं. हंगामी साहेबाला असा हुकूम मिळाला की तो दुसरं काय करणार? जिथे जिंकणं शंभर टक्के आहे तीच गोष्ट करणार!

---

तोफखाना

रिकामटेकडी, हे आवडलं. हंगामी साहेब जास्त कडक असतो हे आमच्या कचेरीतही पाहिलंय.

पण मग जुनं_नाणं यांचं म्हणणंही उभं राहतं की. खालिदनं जुगार खेळला आणि हरला. जप्तीत कर्जदार जुगार खेळत नाही.

---

पाटीवरची_खडू

इथे सगळे खालिदसाठी हळहळताना दिसतायत म्हणून लिहिते. त्या वाड्यातलं वैभव कशावर उभं होतं? लवंगांच्या मळ्यांवर. मळ्यात राबत कोण होतं? गुलाम. खालिदच्या मागे जी बडी अरब मंडळी उभी राहिली त्यांना भीती होती ती इंग्रज गुलामगिरी मोडतील याची. आणि हमूद बसल्यावर 1897 मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेलीच. हे कुणी बोलणार आहे का, की साम्राज्यवाद वाईट एवढं म्हणून थांबायचं?

दुसरं, त्या पाचशेंत किती मालक होते आणि किती गुलाम? रॉयटर्सच्या वार्ताहरानं लिहिलंय की खालिद आणि त्याची बडी माणसं पहिल्याच गोळ्याला पळाली आणि मागे गुलाम व नोकर लढत राहिले. काही जण म्हणतात तो जरा उशिरापर्यंत थांबला होता. काहीही धरा, सुटला तो. जर्मन वकिलातीत चाळीसेक माणसं घेऊन पोचला.

---

गलबत

खडूताई, खालिद माझा हिरो नाही. वरती तसं वाटलं असेल तर लिहिण्यात चूक झाली.

पण गुलामगिरी मोडायला तोफा डागल्या हे मान्य नाही. 1890 पासून बेट इंग्रजांच्याच छत्राखाली होतं, सहा वर्षं गुलाम मळ्यांत राबतच होते आणि तेव्हा कुणाचं निशाण पाडावंसं वाटलं नाही. 1897 चा हुकूमही असा, की गुलामानं स्वतः अर्ज करायचा आणि मालकाला भरपाई मिळायची. 1891 मध्ये गुलाम साठ हजारांच्या घरात असल्याचा अंदाज होता, दहा वर्षांत सुटले सतरा हजारांच्या आसपास. जनान्यातल्या दासींना तर 1909 पर्यंत वगळलं होतं.

---

पाटीवरची_खडू

सतरा हजार माणसं म्हणजे काहीच नाही का? त्यातल्या एकाला विचारा. आणि खालिद राहिला असता तर किती सुटले असते, तो आकडाही सांगा मग.

---

गलबत

तो कुणीच सांगू शकत नाही. इथे माझी बोलती बंद.

---

साष्टीकर

आमच्या गोव्याचं उदाहरण कुणी घेतलंच नाही म्हणून मध्ये पडतो. डिसेंबर 1961. पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षांची सत्ता साधारण 36 तासांत गेली. लिस्बनहून हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता की शरणागती नाही, जिंका किंवा मरा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वानं तो मानला नाही. 19 तारखेला त्यानं शरणागती दिली. त्याबद्दल त्याला नंतर सैन्यातून काढून टाकलं, पोर्तुगालमधल्या 1974 च्या क्रांतीनंतर मान परत मिळाला. पोर्तुगीजांचं अफोंसो दि अल्बुकर्क नावाचं जहाज लढलं बरं का, आपल्या फ्रिगेटींपुढे त्याचा निभाव लागला नाही आणि शेवटी ते किनाऱ्याला नेऊन टेकवलं. थोडं त्या ग्लासगोसारखंच.

माझा मुद्दा असा की लढाई लवकर संपण्यात हरणाऱ्याचाही हात असतो. वासालोनं ती माणसं मरू नयेत म्हणून संपवली. खालिदला 26 च्या रात्री तेच करता आलं असतं. अमेरिकन वकिलानं त्या रात्रीबद्दल लिहून ठेवलंय की एरवी ढोल वाजायचे, पोरं रडायची, पण त्या रात्री शहरात चिडीचूप. गावाला कळलं होतं. वाड्यातल्याला कळलं नाही?

---

जुनं_नाणं

साष्टीकर, तुलना थोडी ओढूनताणून आहे (तिथे परका निघून गेला, इथे परक्यानं आपला माणूस बसवला), पण शेवटचा प्रश्न मार्मिक. बंदरातली व्यापारी गलबतं आदल्या संध्याकाळी बाहेर काढली होती, इंग्रज बायकामुलं जहाजांवर हलवली होती. याहून स्पष्ट नोटीस कोणती?

---

रिकामटेकडी

वाड्यातल्याला कळलं असेलही. पण निशाण उतरवून बाहेर पडल्यावर त्याचं काय होणार होतं हे कुणी त्याला सांगितलं होतं? वासालोला निदान युद्धकैदी म्हणून घरी जायची वाट होती. बर्गशनं तरुणपणी भावाविरुद्ध बंड केलं तेव्हा त्याला इंग्रजांनी दोनेक वर्षं मुंबईत आणून ठेवलं होतं. खालिदनं त्या गोष्टी बापाकडून ऐकल्याच असणार असं आपलं मला वाटतं. हद्दपारी म्हणजे काय हे त्या घराला माहीत होतं.

(अवांतर: मुंबई पाहून परतलेल्या बर्गशनंच पुढे बैत अल-अजाइब हा तो प्रसिद्ध महाल बांधला, 1883 मध्ये. विजेचे दिवे, लिफ्ट. तोफांच्या माऱ्यात तो वाचला आणि 2020 च्या नाताळात त्याचा मोठा भाग आपोआप ढासळला.)

---

दर्यासारंग_नव्हे

38 की 45? मी दोन्ही आकडे वाचलेत.

---

तोफखाना

कुठून मोजता त्यावर आहे. हुकमाची वेळ 9, पहिला गोळा 9.02. थांबले 9.40 ला. कुणी पहिल्या हुकमापासून शेवटच्या बंदुकीपर्यंत धरतं. आणि स्वाहिली गणतीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे नऊ हे तिथल्या माणसाचे तीन. आपल्या जुन्या हिशेबानं 38 मिनिटं म्हणजे दीड घटकेहून थोडं जास्त.

---

पाटीवरची_खडू

आणि वाड्याबाहेरचं कोण मोजणार? गोळीबार चालू असताना शहरात लुटालूट झाली. हिंदी व्यापाऱ्यांच्या वस्तीत वीसेक माणसं गेली. कच्छी, गुजराती दुकानदार, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले. त्यांचं ना खालिदशी भांडण ना हमूदशी. शेवटी मोंबासाहून दीडशे शीख शिपाई आणून रस्त्यावर उभे केले तेव्हा शांत झालं. ही माणसं कोणत्याच बाजूच्या यादीत नाहीत.

बाजूंचंही तसंच. इंग्रजांकडून जमिनीवर उभे होते दीडशे गोरे आणि नऊशे झांझिबारी अस्करी (शिपाई), जनरल मॅथ्यूजच्या हाताखाली. म्हणजे "इंग्लंड विरुद्ध झांझिबार" तरी कुठे?

---

जुनं_नाणं

हे मात्र आपल्याला ओळखीचं आहे. असो.

संपण्याबद्दलच बोलायचं तर खालिदच्या बाबतीत ते 9.40 ला संपलंच नाही. जर्मनांनी त्याला इंग्रजांच्या हाती दिलं नाही. वकिलातीच्या दाराबाहेर इंग्रजांचा पहारा, पाऊल टाकलं की पकडायचा. 2 ऑक्टोबरला भरतीचं पाणी वकिलातीच्या बागेपर्यंत चढलं, जर्मन युद्धनौकेची होडी थेट फाटकाला लागली, आणि खालिद झांझिबारच्या जमिनीला पाय न लावता निघून गेला, दार-ए-सलामला. इंग्रजांच्या हाती लागला तो 1916 मध्ये, महायुद्धात. मग सेशेल्स, सेंट हेलिना, आणि 1927 मध्ये मोंबासात मृत्यू. गलबतराव, तुमच्या जप्तीतला कर्जदार वीस वर्षं बेलिफाला सापडला नाही.

---

गलबत

वा! पण जप्ती कर्जदाराची नसते, मालाची असते. माल त्याच दिवशी दुपारी ताब्यात आला होता. रॉसनही तिथे रेंगाळला नाही, सहा महिन्यांत, फेब्रुवारी 1897 मध्ये, तो आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला बेनिन शहर घेत होता. तिथली पितळी शिल्पं युरोपभर गेली.

आणि जप्तीचा खर्च कुणाच्या नावे पडतो? खालिदच्या बाजूच्या लोकांना दंड बसला. त्यांच्यावर जे गोळे पडले त्या गोळ्यांची किंमत, वर लुटालुटीची भरपाई. सगळं मिळून तीन लाख रुपये. रुपयेच, कारण तिथे आपलाच रुपया चालायचा.

काल जेवताना मुलीला नवा प्रश्न घातला: त्या तोफगोळ्यांचे पैसे कुणी भरले? ती म्हणाली, "ज्यांनी मारले त्यांनी." तिला बरोबर उत्तर सांगितलं तर म्हणते, बाबा, हा प्रश्न तुम्ही स्वतःच बनवलाय.

---

जुनं_नाणं

दंडाचं मान्य. मुलीला शाबासकी सांगा. जप्तीचं अजूनही मान्य नाही, मबारूकचं उत्तर बाकी आहे.